पाळी बदलली तरी बायबलवाचन आणि प्रार्थना चुकू नये म्हणून

‘रोज पहाटे पाचला उठून बायबल वाचा’ हा सल्ला चांगलाच आहे, पण मी नर्स आहे. या आठवड्यात सकाळपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. पहाटे पाचला मी एक तर गाढ झोपेत असते, नाहीतर कुणाचा तरी बीपी घेत असते. म्हणून मी घड्याळाचा नाद सोडला आणि वाचन एका कामाला जोडून टाकलं: युनिफॉर्म चढवण्याआधी वाचायचं. पाळी कुठलीही असो, युनिफॉर्म काही चुकत नाही. सुट्टीच्या दिवशी अंघोळ झाली की वाचायचं. तुमच्याही दिवसात असं न चुकणारं एखादं काम असेलच. वाचन त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे लावून द्या.

जागा शक्यतो एकच ठेवा आणि बायबल तिथेच राहू द्या. कपाटातून काढायचं म्हटलं की आळस येतोच. फोनवर वाचायला हरकत नाही, फक्त आधी फ्लाइट मोड लावा. डोळे मिटत असतील तर ऑडिओ बायबल ऐका. छापखाने येण्यापूर्वी बहुतेक लोकांनी शास्त्र ऐकूनच तर घेतलं.

आता सुरुवात कुठून करायची? बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत. ते वर्षभरात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० झाले की पहिल्या महिन्याच्या अखेरीस लेवीय हे तिसरं पुस्तक समोर येतं, त्यातले अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम येतात, आणि कितीतरी जणांचा संकल्प तिथेच बारगळतो. रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेली वाचनयोजना आजही वापरात आहे: वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. उत्तमच आहे, पण ज्यांची घडी बसली आहे त्यांच्यासाठी.

नव्याने बसणाऱ्याने मार्क घ्यावा. फक्त १६ अध्याय, येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं. तेही अख्खा अध्याय नको, एका वेळी एकच प्रसंग. तो दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश, जमलं तर ओठ हलवत. मग स्वतःला विचारा: यात कोण काय करतंय, आणि मी कुठे अडखळले?

पहिल्या अध्यायातलं पस्तिसावं वचन घ्या. येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. हे वचन सुटं वाचलं तर पहाटे उठण्याचा उपदेश वाटतो. तीन वचनं मागे जा. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लोकांनी सगळे आजारी त्याच्याकडे आणलेत, सारं गाव दाराशी जमलंय. म्हणजे ही प्रार्थना एका थकवणाऱ्या संध्याकाळनंतरची आहे. आणि पुढच्याच वचनांत त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो: सगळे तुला शोधताहेत! वॉर्डात हाका ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अशा वाचनातूनच प्रार्थना सुरू करा. वाचन वेगळं आणि प्रार्थना वेगळी ठेवली की पाच मिनिटांत शब्द संपतात. मी वरचा प्रसंग वाचून म्हणते, ‘प्रभू, आज मला हाका मारणारे पुष्कळ असतील. कुणाकडे आधी जायचं ते दाखव.’ झालं! दोन वाक्यांची प्रार्थनाही प्रार्थनाच असते. पुढे काही सुचेना तर प्रभूची प्रार्थना म्हणा, पण एका दमात नको. ‘आमची रोजची भाकर’ इथे थांबून आजच्या गरजा सांगा, ‘आमची ऋणे आम्हाला सोड’, म्हणजे आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, इथे ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मन जड असेल त्या दिवशी तेरावं स्तोत्र उघडा. इनमीन सहा वचनं. पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे असं कुठवर? तक्रारही देवापुढे मांडता येते हे ज्याला उमगलं, त्याची प्रार्थना कोरडी पडत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

इतरांसाठी प्रार्थना करताना नावांची लांबलचक यादी रोज वाचू नका, ती हजेरी होते. आठवड्याचे सात दिवस वाटून घ्या: सोमवारी घरचे, मंगळवारी सहकारी, असं. छोट्या वहीत तारीख, वचन आणि एक ओळ लिहा. त्याहून जास्त लिहायला लागलात की वहीच ओझं होते.

दिवस बुडाला तर? बुडाला. राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. थकबाकी साठली की माणूस बायबलकडे बघायचंच टाळतो. पुढचा प्रसंग उघडा आणि तिथून चालू लागा.

मार्क संपला की लूक घ्या आणि त्याला लागून प्रेषितांची कृत्ये. दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात, दोन्ही थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून आहेत. २४ आणि २८ मिळून ५२ अध्याय होतात. रोज एकेक प्रसंग घेतलात तर बरेच महिने ‘आता काय वाचू’ हा प्रश्न उरत नाही.