थकलेलं कर्ज आणि भरोशाची नोकरी: या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांसाठी तीन-तीन वर्षं काढणारी मुलं मेस आणि खोलीभाड्यासाठी मोबाईल ॲपवरून पाच-दहा हजार उचलतात. हप्ता थकला की ॲप काढून टाकायचं, सिम बदलायचं, की विषय मिटला! सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. वसुलीचे फोन बंद होतात, पण थकबाकी पॅनवर तशीच राहते आणि सिबिल या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात वर्षानुवर्षं दिसते.

स्टेट बँकेच्या २०२० मधल्या अधिकारी भरतीच्या जाहिरातीत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असणारा अपात्र, अशी अट होती. त्या अटीवर एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द झाली. कर्ज फेडून झालंय, असं त्याचं म्हणणं होतं. तरी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. म्हणून फक्त अभ्यासक्रम वाचू नका, पात्रतेच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

दुसरी चूक तडजोडीची. ‘निम्मे भरा, खातं बंद करतो’ हे ऐकून हायसं वाटतं, पण अहवालात ‘सेटल्ड’ असं लागतं. त्याचा अर्थ पूर्ण फेड झाली नाही. जमेल तर पूर्ण भरा आणि ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र हातात घेतल्याशिवाय उठू नका. मित्राला जामीन राहिला असाल, तर त्याच्या हप्त्यांवरही लक्ष ठेवा. त्याची थकबाकी तुमच्याही अहवालात येऊ शकते.

नोकरी लागल्यावरही हे सुटत नाही. पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळांतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला नियम १७ सांगतो, कायम कर्जात राहू नका आणि वसुलीचा दावा लागला तर सरकारला ताबडतोब कळवा. घरात कळेल, साहेबांना कळेल, या लाजेने माणसं गप्प बसतात. ती लाज मला समजते. पण कर्ज एक वेळ समजून घेतलं जातं, लपवाछपवी नाही.

अमेरिकेतही हेच. तिथे गोपनीय सरकारी कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा मंजुरीच्या ८६ क्रमांकाच्या अर्जात गेल्या सात वर्षांत १२० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज विचारतात. पैशाच्या तंगीतला माणूस दबावाखाली गुपित विकेल, ही भीती त्यामागे असते. आजारपण, नोकरी जाणं अशी कारणं आणि फेडीचे प्रयत्न तिथे विचारात घेतात. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो वेगळाच दोष ठरतो.

तेव्हा अर्ज भरण्याआधी स्वतःचा अहवाल काढा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती संस्थेकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार क्रमांक आणि नो ड्यूजचं पत्र कागदपत्र पडताळणीच्या फाईलमध्ये गुणपत्रिकांसोबतच लावून ठेवा.