बोहारणीच्या नजरेनं: जुनी साडी ऑनलाइन विकण्याआधीची तयारी

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात बसली की आजी जुन्या साड्यांचं गाठोडं तिच्यापुढे टाकायची आणि मग दोघींची जुंपायची. बोहारीण साडी उलगडून दाराच्या उजेडात धरायची, काठ दोन बोटांत चोळायची, खांद्याशी पिनांची भोकं शोधायची, टाचेकडच्या काठावरून हात फिरवायची. विरलेली जागा तिला बरोबर सापडायची. सापडली की मोठं पातेलं मागे आणि छोटा डबा पुढे. आजी म्हणायची, "अगं, एकदाच नेसलेय." ती म्हणायची, "एकदाच, पण धा वर्सं!"

मी आता घरातल्या, मावश्यांच्या आणि सोसायटीतल्या दोन-चार जणींच्या साड्या, ब्लाऊज, कुर्ते फोनवरून विकून देते. घेणारी नागपुरात नाहीतर बंगळुरात असते. तिला ना काठ चोळता येतो, ना साडी उजेडात धरता येते. ते सगळं तिच्या वतीनं आपण आधी करायचं आणि आकड्यांत नि फोटोंत तिच्यापुढे ठेवायचं. माझी तयारी लिहिते आहे ती बहुतेक साडी-ब्लाऊजचीच, कारण घोळ तिथंच होतात.

सुरुवात आदल्या दिवशी. सुती आणि सिंथेटिक कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच मोजायचे. कोरा सुती कुर्ता मोजून विकला आणि तो पहिल्या धुण्यात इंचभर आटला तर भांडण आपल्याशी. रेशमी साडी मात्र घरी धुवायच्या भानगडीत पडू नये. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दोरीवर दोन दिवस टाकावी. लोखंडी गजावर नको, गंजाचा डाग पडला की तो साडीच्या आयुष्यभराचा सोबती. डांबराच्या गोळ्यांचा वास या दोन दिवसांत बराच उडतो. नाही उडाला तर लिहायचं, "कपाटाचा वास आहे." वास झाकायला अत्तर किंवा सेंट फवारायचं अजिबात नाही, जरीचे धागे काळे पडतात. घडीचे वळ मोडायचे तर वर सुती कापड टाकून, कमी आचेवर इस्त्री फिरवायची, जरीवर थेट कधीच नाही.

हळदीचा डाग असेल तर सुती कपड्यापुरती एक युक्ती सांगते. साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो, पण धुऊन ओलाच कडक उन्हात ठेवला की हळद फिकी होत जाते. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. रेशमाला हा प्रयोग करू नका, हळदीबरोबर साडीचा रंगही जाईल.

मग बोहारणीचं काम. खिडकीसमोर उभं राहून साडी हातभर हातभर उजेडासमोर सरकवायची. भोकं, विरलेल्या रेघा, रफू केलेल्या जागा लगेच चमकतात. सगळ्यात आधी घडीच्या रेषा बघायच्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं तिथंच चिरतं. घडीवर दोन्ही बाजूंनी हलकेच ताण द्यायचा. बारीक 'चर्र' ऐकू आलं तर ती साडी नेसायला म्हणून विकायचीच नाही. काठ-पदर चांगला असेल तर "कापड म्हणून" विकायची. त्यातून ड्रेस, उशांचे अभ्रे, गोधडी काहीही होतं आणि अशा साड्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. त्यानंतर खांद्यावरच्या पिनांची भोकं, निऱ्या खोचायची जागा, फॉलच्या आतली माती, पदराचे गोंडे. ब्लाऊजच्या काखेतला घामाचा पट्टा आतून बघायचा, अस्तरावर तो जास्त स्पष्ट दिसतो.

सामान फार लागत नाही. शिंप्याचा टेप, शाळेची स्टीलची फूटपट्टी, पांढरा कोरा कागद, पेन्सिल, वही आणि फरशीवर खुणा करायला कागदी चिकटपट्टी. टेप आधी फूटपट्टीशी ताडून बघा. कापडी आणि प्लास्टिकचे टेप वापरून वापरून ताणले जातात. माझ्या आईच्या टेपचं टोकच अर्धा इंच झिजलेलं होतं, आणि त्या टेपनं मी वर्षभर सगळ्यांना अर्धा इंच मोठी मापं देत होते! हात साबणानं धुवायचे, तेला-क्रीमचे नकोत. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायच्या. बांगडीच्या टोकात रेशमाचा धागा अडकला की सरळ रेघ ओढली जाते. चटईवर साडी पसरू नका, तिच्या काड्याही तेच करतात. धुतलेली साधी, फिकट चादर बरी.

साडीची लांबी मोजताना घडी मोजून आठानं गुणायचा मोह होतो. घडीतला अर्ध्या इंचाचा फरक गुणाकारात चार इंचांचा होतो. त्यापेक्षा फरशीवर चिकटपट्टीनं बरोबर एक मीटरच्या दोन खुणा करायच्या आणि काठ त्यांवरून सरकवत मोजायचा. दोन्ही काठ मोजायचे, कारण धुतलेल्या सुती साडीचा काठ आवळलेला असतो आणि मधलं अंग लांब राहतं. सहावारी म्हणजे सुमारे 5.5 मीटर, न कापलेला ब्लाऊजपीस धरून साधारण 6.3. नऊवारी 8.2 मीटरच्या आसपास. हे आकडे फक्त ताडून बघायला, लिहायचं ते आपल्या साडीचं मोजलेलं माप. ब्लाऊजपीस कापला आहे की साडीलाच आहे, फॉल-पिको झालंय का, हे तीन शब्दांत लिहिलं की विचारणारे दहा मेसेज टळतात. आणि पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, विसरू नका. उंच बाईला 44 इंची पन्ह्याची साडी घोट्याच्या वर राहते. ती लांबी नाही विचारणार, पन्हाच विचारेल. जुन्या इरकली साड्यांच्या बाबतीत तर मी पन्हा सगळ्यात आधी लिहिते.

ब्लाऊजला मात्र वेळ द्यावा लागतो. आतलं लेबल किंवा "मला 36 बसतो" हे माप नव्हे. हूक लावायचे, ब्लाऊज सपाट पसरायचा, सुरकुत्या हातानं सारख्या करायच्या पण ओढायचं नाही, आणि मुंड्याच्या (बाही जोडतात त्या जागेच्या) खाली एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत मोजून दुप्पट करायचं. कटोरी किंवा पॅड असेल तर पुढचा भाग सपाट बसतच नाही, तेव्हा पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी मोजून बेरीज करायची. मग खालचा घेर, खांदा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, मुंडा, पुढचा आणि मागचा गळा किती खोल, पूर्ण उंची. दंडाचा घेर हमखास राहून जातो, आणि ब्लाऊज न बसण्याचं कारण निम्म्या वेळा तोच असतो.

आता खरी गंमत: ब्लाऊज उलटा करून आतली माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, मोजा. बाजूच्या शिलाईला चारही थरांना एकेक इंच माया असेल, तर पाव-पाव इंच राखून प्रत्येक थरातून पाऊण इंच सोडता येतं. चार थरांचे झाले तीन इंच. म्हणजे 36 चा ब्लाऊज 39 पर्यंत जातो. "छाती 36, आत माया आहे, 39 पर्यंत सोडता येईल" असं लिहिलं की घेणाऱ्या तिप्पट होतात, आणि मायेचा एक फोटोही टाकायचा. फक्त आधी उसवलेल्या जागी जुन्या शिलाईची भोकं दिसतात का तेही बघा. रेशमावर ती रेघ जात नाही.

कुर्ते, शर्ट, जीन्स झटपट होतात. बटणं लावून सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत, खांदा, बाही, आणि मागून कॉलरच्या खालून उंची. शर्टची कॉलर उघडी पसरून बटणाच्या मध्यापासून काजापर्यंत. सलवारीला इलॅस्टिक असेल तर कंबर सैल असताना आणि ताणून, दोन्ही आकडे. जीन्सला कंबर, आसन, मांडी, आतली लांबी, पायाचा घेर. लहान मुलांच्या कपड्यांना "4 ते 5 वर्षं" एवढं पुरत नाही, उंची आणि छाती लिहाच, एकाच वयाची दोन मुलं कधी सारखी असतात का? इंच आणि सेंटिमीटर दोन्ही द्यायचे, परदेशी राहणाऱ्या मराठी बायका सणाच्या आधी बऱ्याच घेतात. आकडा मोजला की लगेच वहीत. "लक्षात राहील" म्हटलेलं एकही माप माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

फोटोला सकाळी नऊ-दहानंतरचा, थेट ऊन न येणारा खिडकीचा उजेड. आभाळ भरलेलं असेल तर फारच छान, सावल्या मऊ येतात. खोलीतले दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की अर्धी साडी एका रंगाची नि अर्धी दुसऱ्या. फ्लॅश नाही, जरीचा काठ पांढरा फट्ट येतो. ब्यूटी मोड, फिल्टर बंद. लेन्स मऊ कापडानं पुसायची, फोन दिवसभर कणकेच्या हातात असतो! पहिल्या फोटोत साडीशेजारी कोरा कागद ठेवायचा. फोटोत तो निळसर किंवा पिवळा दिसला तर तो पांढरा होईपर्यंतच रंग सुधारायचा, पुढे नाही.

रंगावरून माझी एकदा चांगलीच फजिती झाली. अंजिरी साडीचा फोटो संध्याकाळी दिव्याखाली काढला, तो आला चॉकलेटी. घेणारीनं चॉकलेटी म्हणूनच घेतली, परत पाठवली, जायचं-यायचं टपाल माझ्या माथी. मोरपंखी माझ्या फोनमध्ये निळी होते, राणी लालाकडे झुकते, आणि समोरच्या फोनवर काय दिसेल ते देव जाणे. म्हणून रंग शब्दांतही लिहा, आणि आपल्याकडे शब्द कमी आहेत थोडेच? आमसुली, चिंतामणी, अबोली, डाळिंबी, पोपटी, वांगी. "पर्पल" म्हणण्यापेक्षा "वांग्याच्या सालीचा" म्हटलं की घेणारीला रंग डोळ्यांसमोर दिसतो. धूपछाव साडीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, तेव्हा दोन बाजूंनी दोन फोटो आणि दहा सेकंदांचा हलणारा व्हिडिओ.

कोणते फोटो? आधी पूर्ण साडी, घडी घालून टेबलावरून खाली सोडलेली. मग पदर पूर्ण पसरून, स्टुलावर उभं राहून फोन फरशीला अगदी समांतर धरून, कारण तिरका काढलेला पदर एका बाजूला निमुळता दिसतो. काठ जवळून, फूटपट्टी शेजारी ठेवून, म्हणजे काठ दोन इंची की चार इंची हे सांगावं लागत नाही. अंगावरची बुट्टी. ब्लाऊजपीस. आणि पदराची उलटी बाजू, ही सोडायचीच नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटूनही जवळपास तसाच दिसतो, कारण रंगाचे धागे जिथल्या तिथं गुंफलेले असतात. मागे सुटे, लोंबणारे धागे दिसले तर जाणकार बाई समजून जाते. आपण "येवल्याची हातमाग" लिहिण्यापेक्षा तो फोटो बोलका. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल असेल तर त्याचाही फोटो. नसेल तर घाबरायचं कारण नाही, ती खूण 2004 मध्ये आली. 1998 च्या लग्नातल्या शालूला ती कुठून असणार? "प्युअर" हा शब्द मात्र बिल किंवा लेबल हातात असेल तरच. नाहीतर "आईच्या लग्नातली, तेव्हा रेशीम म्हणून घेतलेली" एवढं खरं लिहायचं. नेसलेला फोटो लग्नाच्या अल्बममधून उचलू नका, त्यात नणंदा-जावांचे चेहरे असतात.

दोषांचे फोटो सगळ्यात नीट काढायचे. डागाशेजारी पेन्सिलीचं टोक, म्हणजे नेमकं कुठे आणि केवढा ते कळतं. एक फोटो जवळून, एक हातभर लांबून, कारण फक्त जवळून काढलेला मोहरीएवढा डाग पापडाएवढा दिसतो. जागाही नेसण्याच्या भाषेत लिहायची: "निऱ्यांच्या आत जातो", "डाव्या खांद्यावर दिसेल".

टाकण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद आहे ना ते बघायचं, आणि मागे दाराची पाटी किंवा मुलांचं शाळेचं ओळखपत्र आलेलं नाही ना तेही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडी पिशवीसकट तोलून वजन लिहून ठेवा, टपालखर्च आधीच सांगता येतो. पैसे घेण्यासाठी कुणी पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं तर तिथंच बोलणं थांबवा. पैसे यायला पिन लागत नाही.

सगळं झालं की साडी जुन्या घडीवर न घालता उलटी, नव्या घडीवर घालायची, मलमलीत किंवा धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळायची आणि वहीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वरून सुती दोऱ्यानं बांधायची. टाचणीनं नाही.