साथीत धंदा बसला तर: पेठेतल्या दुकानदाराला सवलत आणि कर्ज मिळवून देण्याची रीत

महापूर ओसरला की तलाठी दारात येतो, भिंतीवरची पाण्याची रेघ बघतो आणि पंचनामा करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापुरात हे घरोघरी झालं. साथीत असं काही होत नाही. माल जागच्या जागी, भिंत कोरडी, फक्त शटर दोन महिने खाली. हे नुकसान मोजायला कुणी येत नाही. साथीचा पंचनामा दुकानदारालाच करावा लागतो, तोही कागदावर, आणि बहुतेकांना तो एकट्याने जमत नाही. म्हणून हा लेख दुकानदारापेक्षा त्याला मदत करू शकणाऱ्यांसाठी आहे: तालमीची पोरं, पेठेतली व्यापारी संघटना, घरातली कॉमर्सला असलेली मुलगी, ओळखीचा टॅक्स कन्सल्टंट.

कागदाला इतकं महत्त्व का, ते एका उदाहरणावरून कळेल. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, पण फक्त नोंदणीकृत फेरीवाल्यांना. शेजारच्या गाडीवर वीस वर्षं भेळ विकणाऱ्याची नोंद नसेल तर त्याला त्यातला रुपयाही नव्हता.

१. तालमीत एक टेबल टाका

दोन माणसं, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि एक जाडजूड रजिस्टर पुरे. एका दुकानदाराला पाऊण तास लागतो, त्यामुळे दिवसाला आठ-दहांपेक्षा जास्त बोलावू नका. येताना आधारशी जोडलेला मोबाईल आणायला आठवणीने सांगा. निम्मे अर्ज इथेच अडतात: नंबर बदललेला असतो, ओटीपी जुन्या सिमवर जातो. असं असेल तर आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्यायचा, मग बाकीचं. दुसरी अडचण नावाची. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, पॅनवर तिसरंच. हेही पहिल्याच दिवशी तपासा, कारण दुरुस्तीला आठवडे जातात.

आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "कोणती योजना हवी?" हा नसावा. "दर महिन्याला कुणाकुणाला किती द्यायचं असतं?" असं विचारा. दुकानभाडं, कामगार, वीज, बँकेचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, भिशी, व्यापाऱ्याची उधारी, आणि दबक्या आवाजात सांगितलं जाणारं खासगी सावकाराचं व्याज. यादी झाली की निम्मं काम झालं.

२. चार कागद आणि नुकसानीचा तक्ता

पहिला कागद दुकानाचा. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला आता जुना गुमास्ता परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. दुसरा उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान धंद्याच्या केंद्र सरकारकडच्या नोंदणीचा. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही ती करता येते, पण त्यांना तिचा उपयोग मुख्यतः बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. जीएसटीच्या कक्षेत न येणाऱ्या अगदी लहान धंद्याला उद्यम असिस्टचं प्रमाणपत्र बँकेमार्फत मिळतं. तिसरा बारा महिन्यांचा बँक उतारा, चौथा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांचा आणि फेडीचा हिशोब. हा रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. कुणाला तरी जामीन राहिल्याचं लोक विसरतात, रिपोर्ट विसरत नाही.

उद्यम भरताना घाई करू नका. घरी चप्पल शिवून चप्पल लाईनला (चपलांच्या बाजाराला) देणारा कारागीर फॉर्ममध्ये स्वतःला 'व्यापारी' लिहून मोकळा होतो. तो उत्पादक आहे. व्यापारी म्हणून नोंद झाली की अडकलेल्या बिलांवर व्याज मागण्याचा हक्क जातो (त्याविषयी पुढे).

आता तक्ता. एक कोरा कागद, तीन रकाने: महिना, गेल्या वर्षीची विक्री, यंदाची विक्री. तुलना त्याच महिन्याशी करायची. कोल्हापुरात हे फार महत्त्वाचं आहे, कारण चैत्रात जोतिबाची यात्रा, उन्हाळ्यात लग्नसराई आणि पर्यटक, पुढे नवरात्र. महाद्वार रोडवरच्या दुकानाचा एप्रिल पावसाळ्यातल्या महिन्याशी जोडला तर आकडा खोटा वाटतो आणि बँक अधिकारी तो लगेच बाजूला ठेवतो.

विक्रीची वही नसेल तर यूपीआयचा उतारा आणि माल खरेदीची बिलं लावा. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्यासाठी सगळ्यात बोलका पुरावा वीजबिलावरच्या युनिटचा. मशीन बंद होतं हे त्याहून स्पष्ट कुठलाच कागद सांगत नाही.

३. आधी गळती थांबवा

नवं कर्ज काढण्याआधी जाणारा पैसा कमी करा. भाड्याबद्दल घरमालकाशी तोंडी ठरलं असेल तर ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या: किती महिने, किती कमी, आणि राहिलेली रक्कम माफ की नंतर द्यायची. शेवटचा मुद्दा न लिहिल्यामुळेच पुढे भांडणं होतात.

विजेचं बिल नीट वाचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होतं आणि बिलं सरासरीने आली. असं झालं की मीटरचा फोटो काढून महावितरणच्या ॲपवर रीडिंग स्वतः टाकायचं. त्याच वेळी वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांना स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी लागणारी रक्कम) तीन बिलांसाठी पुढे ढकलून दिला होता. पुढे ढकलला, माफ केला नव्हता. मशीन वर्षभर कमी चालणार असेल तर मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्ज द्या, बचत त्यातून होते.

जीएसटी नंबर असेल आणि विक्री शून्य असेल तरी रिटर्न भरायचंच. शून्य रिटर्नलाही उशिराबद्दल दिवसाला २० रुपये लागतात. ते १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं.

४. बँकेत जायचं ते हप्ता चुकायच्या आधी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही लाजेपोटी. दोन हप्ते चुकले की माणूस बँकेच्या रस्त्यानेच जायचं सोडतो. पण बँकेचं घड्याळ चालू असतं: ३० दिवसांपर्यंत खातं पहिल्या इशाऱ्यात, ६० पर्यंत दुसऱ्या, ९० पर्यंत तिसऱ्या, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. एनपीए व्हायच्या आधी शाखेच्या हातात बरंच काही असतं, नंतर फार थोडं.

कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलायचं खातं) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. दुकान बंद म्हणून स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) दिलं नाही, आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं, की खातं अनियमित धरलं जातं. माल हलला नसला तरी स्टेटमेंट द्या, "मागील महिन्याप्रमाणेच" असं लिहून द्या.

अर्जात "कर्ज माफ करा" लिहू नका. शाखा व्यवस्थापकाला तो अधिकार नसतो आणि अर्ज फाइलमध्ये जाऊन झोपतो. त्याला जमण्यासारखं मागा: काही महिने फक्त व्याज, मुदतवाढ, कॅश क्रेडिटच्या काही रकमेचं मुदत कर्जात रूपांतर. नमुना असा:

*"माझे दुकान दि. … पासून प्रशासनाच्या आदेशाने बंद आहे. गेल्या वर्षी एप्रिल-मेची विक्री ४,१०,००० रु. होती, यंदा ३८,००० रु. आहे. खाते क्र. … मध्ये सहा महिने फक्त व्याज भरण्याची आणि मुदत तेवढीच वाढवून देण्याची परवानगी मिळावी. आजपर्यंत एकही हप्ता थकलेला नाही. सोबत: विक्रीचा तक्ता, बँक उतारा, वीजबिले."*

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवा.

हप्ता थांबवणं फुकट नसतं, हे समोरच्याला आकड्यात दाखवा. पाच लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत: हप्ता ११,१२२ रुपये. सुरुवातीलाच सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी ५,३०,७६० होते, आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटी सुमारे ५७,६०० रुपये जास्त जातात. त्याऐवजी ते सहा महिने नुसतं व्याज, म्हणजे महिना ५,००० भरलं, तर जादा बोजा ३०,००० वर थांबतो. ज्याला पाच हजार झेपतात त्याने ते भरावेत. ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे त्याने हप्ता थांबवावा, त्यात कमीपणा नाही.

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंत अशी सवलत द्यायला परवानगी दिली होती. नंतर 'व्याजमाफी' म्हणून जे गाजलं ते दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा व्याजावरच्या व्याजाचा फरक होता. वरच्या उदाहरणात तो भरतो ७६० रुपये.

पतसंस्थेच्या कर्जदारांची गोष्ट वेगळी. बँका, नागरी सहकारी बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात, पतसंस्था सहकार खात्याच्या. "आरबीआयने हप्ते थांबवलेत" म्हणत पतसंस्थेच्या काउंटरवर वाद घालून हाती काही लागत नाही. तिथे संचालक मंडळाकडे लेखी मुदतवाढ मागायची आणि तक्रार असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचं.

५. नवं कर्ज: कुणाला काय

हातगाडी, टपरी, फूटपाथ: पीएम स्वनिधी. जून २०२० मध्ये १०,००० पासून सुरू झालेली ही योजना ऑगस्ट २०२५ मध्ये ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली गेली आणि रकमा आता १५,०००, २५,००० आणि ५०,००० अशा टप्प्यांत आहेत. वेळेवर फेड केली तर सात टक्के व्याज अनुदान खात्यात येतं. महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र नसेल तर शिफारस पत्र मागा. रंकाळ्यावर किंवा खासबागेजवळ गाडी लावणाऱ्याने गाडीसह स्वतःचा फोटो आणि जुनी महापालिकेची पावती असेल तर ती जोडावी.

दुकान किंवा वर्कशॉप: मुद्रा. ५०,००० पर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. मुद्रा स्वतः कुणाला पैसे देत नाही, कर्ज बँकच देते. त्यामुळे "मुद्रा ऑफिसमधून बोलतोय, फाइल चार्ज भरा" असा फोन आला की तो ठग समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना कोल्हापुरात बरीच वापरली जाते. त्यात क्रम चुकवू नका: आधी महामंडळाचं पात्रता पत्र, मग बँकेची मंजुरी. आधीच उचललेलं कर्ज नंतर योजनेत बसवता येत नाही. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) नव्या उद्योगासाठी आहे, बसलेला धंदा सावरण्यासाठी नाही. तिथे महिना घालवू नका.

साथीसाठी म्हणून आलेली योजना ईसीएलजीएस, म्हणजे सरकारी हमीवरच्या तातडीच्या कर्जाची होती. २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही. ती ३१ मार्च २०२३ ला संपली. पुढच्या संकटात असं काही आलं तर हेही लक्षात असू द्या: ती फक्त आधीच बँकेचं कर्ज असलेल्यांसाठी होती. सगळा व्यवहार पतसंस्थेत आणि भिशीत करणारा दुकानदार बाहेरच राहिला. म्हणून साथ नसतानाच एखादं लहान बँक कर्ज घेऊन नीट फेडलेलं बरं.

६. स्वतःचाच अडकलेला पैसा

जॉबवर्क करणाऱ्यांचं दुखणं कर्जापेक्षा थकलेल्या बिलांचं असतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या पोर्टलवर करता येते. माल दिला त्या तारखेला उद्यम नोंदणी असलेली बरी, मागाहून काढली तर वाद होतो. पण पोर्टलकडे धावण्याआधी उद्यम क्रमांक छापलेल्या लेटरहेडवर, या कायद्याचा उल्लेख करून पैसे थकवणाऱ्याला एक पत्र द्या. वर्षभर धंद्याला एकच पार्टी (काम देणारं गिऱ्हाईक) पोसत असेल तर ती तोडायची की नाही हे मालकाने ठरवायचं, टेबलावर बसलेल्या पोरांनी नव्हे.

७. नकार आला तर

नकार तोंडी घेऊ नका, लेखी कारण मागा. कारण "सिबिल कमी" असेल तर रिपोर्टमधली नोंद शोधा: बंद झालेलं कर्ज चालू दिसतंय का, 'सेटल' असा शेरा आहे का. (तडजोडीने कर्ज मिटवताना हा शेरा पडतो, आणि तो वर्षानुवर्षं आडवा येतो.) बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, मार्गदर्शनाचा नंबर १४४४८. कर्ज देणं न देणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. अर्जाला उत्तरच नाही, चुकीचे चार्ज कापले, मंजूर सवलत लावली नाही, अशा गोष्टींत पडतो.

विम्याकडून फार आशा नको. दुकानाची आगीची पॉलिसी साथीमुळे बंद राहिलेल्या धंद्याचे पैसे देत नाही, कारण वस्तूचं नुकसान झालेलं नसतं. मात्र घरात कुणी दगावलं असेल तर त्या माणसाचं पासबुक उघडून बघा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले (२०२२ आधी ३३०), तर तो जीवन ज्योती विमा आहे, दोन लाखांचा. घरच्यांना बहुधा माहीतच नसतं.

८. रजिस्टर

प्रत्येकासाठी एक पान: नाव, अर्ज कुठे दिला, आवक तारीख, कुणी घेतला, पुढे कधी जायचं. शेवटचा रकाना रिकामा ठेवून कुणालाही टेबलावरून उठू देऊ नका. सोमवारी सकाळी रजिस्टर उघडायचं, त्या आठवड्याच्या तारखांवर पेन्सिलीने खूण करायची आणि ज्याला बँकेत एकट्याने जायची धास्ती वाटते त्याच्याबरोबर तालमीतलं एक पोरगं पाठवायचं. काउंटरवर बोलायचं मात्र दुकानदारानेच.