फ्रेमवाल्याच्या हाती कात्री देऊ नका: चित्रसंग्रह करताना या चुका टाळा

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठंही नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली की हॉलमध्ये एखादं खरं, हातानं काढलेलं चित्र दिसू लागलंय. चांगलं आहे. पूर्वी त्या जागी धबधब्याचं पोस्टर असायचं. पण चित्र घेताना लोक जेवढा विचार करतात, त्याच्या चार आणेही ते घरी आल्यावर करत नाहीत. मग दोन उन्हाळे गेले की फोन येतो, "काका, कागदाला लाटा आल्यात, काय करता येईल?" तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

फ्रेमवाल्याकडं टाकून निघून जाणे

सगळ्यात जास्त चित्रं फ्रेमच्या दुकानात मरतात.

परभणीच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी मुंबईहून एक एचिंग आणलं. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा खोदून, त्यात शाई भरून, ओलसर जाड कागदावर दाब देऊन काढलेला छाप. अशा कामात चित्राभोवती चांगला तीन-चार बोटं कोरा कागद सोडलेला असतो. त्यावर खाली डावीकडं पेन्सिलीनं 7/15 असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे पंधरा छापांपैकी हा सातवा. उजवीकडं चित्रकाराची सही आणि साल. नीट बघितलं तर चित्राच्या कडेनं पत्र्याचा दाब उमटलेला दिसतो, बोटाला जाणवतोही.

डॉक्टरांच्या घरी गेलो तेव्हा फ्रेम थेट चित्राच्या कडेला येऊन भिडलेली. आकडा नाही, सही नाही, पत्र्याचा दाबही नाही. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकान देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि निवृत्तीच्या सन्मानपत्रांचं. मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, बारा बाय अठराची रेडी फ्रेम होती. कागद मोठा पडायलता, म्हणून कडंनं कापला. कोराच तर होता."

"आणि ती कापलेली पट्टी?"

"ती गेली की कचऱ्यात."

लाटा येऊ नयेत म्हणून त्यानं उरलेला कागद हार्डबोर्डवर फेव्हिकॉल लावून पक्का बसवला होता. वर काच थेट टेकवलेली. आता तो छाप हार्डबोर्डावरून सोडवायचा तर कागदाचे तुकडेच हातात येतील. विकायला काढला तर सही-आकड्याशिवाय त्याला कुणी विचारणार नाही.

राग मला दुकानदाराचा आला नाही. त्याला आजवर कुणी कोऱ्या जागेचे पैसे असतात हे सांगितलंच नव्हतं. राग आला तो "छान फ्रेम करून ठेवा, संध्याकाळी नेतो" असं सांगून निघून जाण्याचा. संध्याकाळीच कशाला हवं होतं? भिंत कुठं पळून चालली होती?

माझी सवय सांगतो. चित्र ज्या पाकिटात नेतो त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहितो: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, काच टेकवायची नाही. मग स्टूल ओढून तिथंच बसतो. चहा पाजला तर पितो, पण उठत नाही. माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती काचेखाली बसणारा जाड पुठ्ठा, ॲसिड-फ्रीच (आम्ल नसलेला) पाहिजे, नाहीतर काही वर्षांत कागदाच्या कडेनं पिवळी-तपकिरी चौकट उमटते. आपल्याकडं असा बोर्ड मिळत नसेल तर पुण्या-मुंबईहून मागवा आणि तोवर चित्र सपाट फाइलीत ठेवून थांबा. कागद फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी टांगायचा, बाकी मोकळा. हवा बदलली की कागद फुगतो-आकसतो, त्याला हलायला जागा लागते. सेलोटेप कुठंच नाही. माउंटच्या जाडीमुळं काच आणि कागद यांत अंतर राहतं. ते नसेल तर पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं, कागद काचेला चिकटतो आणि बुरशी येते.

एवढं सांगितल्यावर फ्रेमवाला वैतागला, तर दुसरा फ्रेमवाला शोधा.

कूलरसमोरची भिंत

मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. खिडकीत कूलर बसतो आणि त्याच्या बरोबर समोर घरातली सगळ्यात मोठी, मोकळी भिंत असते. चित्र तिथंच लागतं. दिवसभर त्यावर वाळ्याचा ओलसर झोत, कूलर बंद झाला की खोली पुन्हा कोरडी ठणठणीत. कागद रोज पाणी पितो आणि रोज वाळतो. कॅनव्हासही दमट हवेत सैलावतो, कोरड्यात ताणतो. तैलरंगाचा थर जुना होईल तसा कडक होत जातो. त्याला ही ओढाताण सोसत नाही आणि तो तडकतो.

दुसरी वाईट भिंत पश्चिमेची. दुपारभर तापलेली ती भिंत रात्रीपर्यंत ऊन बाहेर टाकत असते.

म्हणून नवीन घरात चित्र लावायची घाई असणाऱ्यांना मी एकच सांगतो: आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. मेमध्ये रात्री आठ वाजता प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवा. जी गरम लागेल ती बाद. ऑगस्टमध्ये जिला ओल येईल किंवा जिचा पुट्टीचा पापुद्रा सुटेल तीही बाद. न्हाणीघराला लागून असलेली तर बघायचीच नाही. जी भिंत उरेल ती बहुतेक वेळा जिन्याची किंवा मधल्या बोळातली असते आणि मग लोक हिरमुसतात. पाहुण्यांना दिसत नाही ना!

ज्यांच्याकडं अजून जुना वाडा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती उन्हाळ्यात गार राहतात आणि लहान शिल्पाला देवळीइतकी सुंदर जागा नाही. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, गिट्टी ठोकली तर ढेपूळच निघून येतं. तिथं तुळईला हूक मारून तारेनं चित्र खाली सोडायचं. माळवद गळतं का, मातीचे खडे पडतात का, हे आधी तपासायचं.

भिंत कुठलीही असो, फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मी बुचाचे तुकडे लावतो. होमिओपॅथीच्या जुन्या बाटल्यांची बुचं मी त्यासाठीच साठवून ठेवलीत. मागून हवा खेळते, ओल फ्रेमला धरत नाही आणि वाळवीची मातीची रेघ वर चढू लागली तर फटीतून दिसते.

बबल रॅपचे बुडबुडे आतल्या बाजूला

ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा, रंग वाळलेला दिसला तरी उष्णतेनं मऊ पडतो. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळून भर मेमध्ये गाडीच्या डिकीत टाकून मुंबईहून नांदेडपर्यंत आणलेलं एक चित्र मी उलगडताना पाहिलंय. गुळगुळीत काळ्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल गोल ठसे. घरमालकानं मला गंभीरपणे विचारलं, "पातळ कपडा ठेवून इस्त्री फिरवू का?"

नका फिरवू. रंगाला काहीही टेकता कामा नये. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या टोप्या घाला, त्यांच्यावरून पुठ्ठा बांधा, बबल रॅप त्याच्याही बाहेरून. आणि प्रवास रात्रीचा करा.

चकाकी यावी म्हणून व्हार्निश

हार्डवेअरच्या दुकानातला डबा आणून चित्राला "फिनिशिंग" देणारे महाभाग आहेत. त्यांना मी अजिंठ्याला पाठवतो. 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारनं तिथली भित्तिचित्रं जपण्यासाठी इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी बरंच चांगलं काम केलं, सुटलेला गिलावा पुन्हा बसवला. पण चित्रांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, व्हार्निश दिलं. ते पुढं पिवळं पडलं, काळवंडलं, त्यात धूळ धरली. पुढच्या लोकांना ते थर काढत बसावं लागलं. ते तर त्यांच्या काळातले जाणकार होते. तुमच्याकडं फर्निचरचा ब्रश आहे.

तैलरंग आतून पुरता वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. व्हार्निश द्यायचंच असेल तर त्यानंतर, आणि ज्यानं चित्र काढलं त्याला विचारून.

उंची आणि उजेड

आपल्या घरांत आजोबांचा फोटो दाराच्या चौकटीवर, पुढं झुकलेला. त्याचं ठीक आहे, तिथं खालून हात जोडायचे असतात. चित्र तिथं टांगून कसं चालेल? चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवा. भारतीय बैठक असेल तर आणखी खाली. टांगायला सुतळी नको, तार घ्या. मोठ्या फ्रेमला एक नाही, दोन हूक.

कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, तैलचित्राला 200 च्या आसपास. जलरंगाचा गुलाबी खिडकीशेजारी ठेवून बघा, किती टिकतो ते.

सोफ्याच्या रंगाला जुळणारं चित्र घेणे: यावर मी बोलत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत काचेवर थेट स्प्रे मारू नका, पाणी खालच्या कडेनं आत झिरपतं. फवारा फडक्यावर मारा. उघड्या कॅनव्हासला तर ओलं फडकं अजिबात नाही. कोरडा, मऊ, रुंद ब्रश हलक्या हातानं, बस्स.

देवगिरी एक्स्प्रेसनं खरेदी

ही चूक सगळ्यात उत्साही लोक करतात. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी गाठायची, दुपारपर्यंत दोन चित्रं पसंत करायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. 1952 पासून उभ्या असलेल्या त्या गॅलरीत प्रदर्शनं आठवड्याची असतात, पुढच्या आठवड्यात भिंती नव्या माणसाच्या. म्हणून लोकांना वाटतं आज नाही घेतलं तर गेलं. जाऊ द्या की! मी फोटो काढतो, मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चित्रासमोर जाऊन उभा राहतो. दुसऱ्या दिवशी जे कंटाळवाणं वाटलं ते घरी आणून दहा वर्षं कसं बघणार?

"दहा वर्षांत दहापट होईल" असं कुणी सांगितलं तर त्याला म्हणा, मग तूच ठेव.

सुरुवात करायला मुंबईच कशाला लागते? संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातल्या पोरांची कामं आधी बघा. तिथं घासाघीस मात्र करू नका. फ्रेमवर जितके घालवता त्याच्या निम्म्यात मूळ चित्र मागणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्या घरी मी पुन्हा गेलो नाही.

मूळ म्हणून विकलेली कॅनव्हासवरची छपाई ओळखायची तर भिंग घ्या आणि बॅटरी कडेनं तिरपी मारा. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. काही जण वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात, पण ते फटकारे खालच्या आकारांशी जुळत नाहीत. तोंडी खात्री घेऊ नका. "हाताने केलेले मूळ काम" असं बिलावर लिहून मागा. विकणारा चुळबुळ करायला लागला की काय ते कळतं.

कागदपत्रं

चित्र तुमचं झालं म्हणजे ते छापायचा हक्क तुमचा झाला, असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तयार चित्र विकत घेतलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडंच राहतो, त्याच्या मृत्यूनंतर पुढं 60 वर्षं वारसांकडं. पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा हिशोब वेगळा, तिथं करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. घेतलेलं चित्र दुकानाच्या दिवाळी कॅलेंडरवर छापून चारशे गिऱ्हाइकांना वाटणारे एक व्यापारी मला माहीत आहेत. चित्रकाराला ते कॅलेंडर त्याच्याच मामाच्या घरी दिसलं.

चित्रासोबत चित्रकाराच्या सहीचं एक पान घ्या: नाव, शीर्षक, साल, माध्यम, माप आणि चित्राचा छोटा फोटो. चित्राऐवजी व्हिडिओ-कलाकृती घेतली असेल तर फाइल कोणत्या स्वरूपातली, किती प्रती विकल्या आणि पेन ड्राइव्ह बिघडला तर नवी प्रत मिळणार का, हेही त्यावर आलं पाहिजे. कागदावरच्या चित्राच्या पाठीमागं काही लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीनं, एका कोपऱ्यात, बॉलपेननं कधीच नाही. आणि ते पान फ्रेमच्या मागं चिकटवून ठेवू नका. फ्रेम बदलायला दिली की पहिली फेकली जाते ती मागची पाठ. घराच्या खरेदीखतासोबत फाइलीत ठेवा, फोनमध्ये एक फोटो काढून ठेवा.