हॅमर म्हणजे हातोडा नव्हे : रिफ्लेक्स तपासताना या चुका टाळा

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय म्हसरूळला आहे म्हणून नाशिकच्या मुलांना प्रॅक्टिकलला सूट मिळत नाही. हॅमरच्या (रबरी डोक्याच्या हातोडीच्या) टिचकीने स्नायू आपोआप दचकतो तो रिफ्लेक्स; तो तपासताना दर बॅचला दृश्य मात्र तेच. पेशंट खाटेच्या कडेला, तळवे फरशीला टेकलेले, मांडी आवळलेली. आणि हॅमर भिंतीत खिळा ठोकावा तसा थेट गुडघ्याच्या वाटीवर. पाय हलत नाही. मग आणखी जोरात. पेशंट कळवळतो, पाय ढिम्म. वहीत नोंद : ‘नी जर्क नाही’, म्हणजे गुडघ्याचा रिफ्लेक्स येत नाही.

इथे जोर कामाचा नाही, झटका कामाचा आहे. वाटीच्या खालच्या टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, हॅमर पडला की मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, किंचित ताणला जातो. स्नायूतले स्पिंडल, म्हणजे ताण ओळखणारे बारीक संवेदक, हा ताण किती झटकन आला ते टिपतात. संदेश मज्जारज्जूत लंबर (कंबरेच्या) भागातल्या एल २ ते एल ४ च्या पातळीला पोचतो, एकच सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला जोड) ओलांडतो आणि त्याच स्नायूकडे परततो. साधारण २० मिलिसेकंदांत स्नायूत विद्युत हालचाल सुरू होते. पेशंटने स्वतः ठरवून पाय उडवायचा तर दीडशे मिलिसेकंद तरी जातात. त्यामुळे उशिरा, ऐटीत वर आलेला पाय बहुधा तुम्हाला खूश करण्यासाठी आलेला असतो.

म्हणून आधी पाय अधांतरी लोंबू द्या. मांडी उघडी हवी. धोतर-साडी असेल तर विचारून, आडोसा करून वर घ्या. डावा हात क्वाड्रिसेप्सवर ठेवा, कारण कधी पाय हलत नाही पण स्नायू हाताखाली आवळलेला कळतो. हॅमर टोकाशी सैल धरा आणि मनगटातून, स्वतःच्या वजनाने पडू द्या. मुठीत गच्च आवळलेला हॅमर टेंडनवर आपटून तिथेच रुततो.

आता घोट्याचं. जानेवारी, निफाड तालुक्यातलं एक शिबिर, सकाळी सातची वेळ. त्या दिवसांत तिथला पारा एक आकडी होतो हे नाशिककरांना सांगायला नको. एका इंटर्नने ओळीने चार शेतकऱ्यांच्या कागदावर ‘दोन्ही अँकल जर्क नाहीत’ लिहिलं. चौघेही लोखंडी टेबलावर उताणे, पाय सरळ, पाऊल खाली कललेलं, अंगात हुडहुडी. पाऊल खाली कललं की पोटरीचा स्नायू आधीच ढिला पडतो. ढिल्या दोरीवर टिचकी मारून ती झंकारेल कशी? त्यात थंडीने चेतातंतूंचा वेग कमी होतो, दर अंशामागे सेकंदाला सुमारे दोन मीटरने, आणि कुडकुडणारा माणूस अंग सैल सोडत नाही ते वेगळंच.

सिनियरने चौघांना चहा दिला, पाय पांघरुणात गुंडाळायला लावले आणि अर्ध्या तासाने खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं, पावलं कडेबाहेर लोंबती. तळव्याला हलकेच वर रेटून पोटरी जराशी ताणली आणि मग टाचेमागच्या अकिलिस टेंडनवर हॅमर टाकला. तिघांचे जर्क आले. चौथ्या बाबांचा आलाच नाही. त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कची (कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याची) थरथरही कळत नव्हती. साखर तपासली तर वाढलेली. म्हणजे खरा सापडलेला दोष तीन खोट्या नोंदींखाली गाडला जाणार होता.

‘नाही’ लिहिण्याआधी जेंड्रासिक करायचंच, म्हणजे पेशंटने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायची, की दबलेला जर्क वर येतो. १८८५ पासून माहीत असलेली युक्ती आहे, तरी वेळ चुकते. पेशंटला बोटं अडकवून ओढायला सांगतात, मग हॅमर शोधतात, मग टेंडन चाचपतात. तोवर बाबांचे हात सैल पडलेले. परिणाम असतो पहिल्या सेकंदाभराचा. टेंडन आधी सापडलेलं, हॅमर उचललेला, मग “बाबा, ओढा!” आणि त्याच क्षणी टाका. हाताचे जर्क तपासताना मात्र बोटं अडकवायला सांगू नका, दात आवळायला सांगा.

दुसरी डोकेदुखी रॉम्बर्ग, म्हणजे डोळे मिटून उभं राहायची टेस्ट. व्हायव्हात दहापैकी सात जण ‘सेरेबेलमची (लहान मेंदूची) टेस्ट’ म्हणून मोकळे होतात. उभं राहायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी लागते : डोळे, अंतर्कर्ण, आणि तळवे-घोट्यांतून येणारी सांध्यांची जाणीव. तिसरी बातमी तुटली तर डोळे सांभाळून घेतात; डोळे मिटले की माणूस पडतो. सेरेबेलम बिघडलेला माणूस डोळे उघडे असतानाच डगमगतो. पुस्तकापेक्षा पेशंट हे नीट सांगतात : “तोंडाला साबण लावला की भिंत धरावी लागते,” किंवा “रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला गेलं की बांधावर पाय ठरत नाही.” हे ऐकलं तर व्हिटॅमिन बी १२ आणि साखर दोन्ही तपासा, कारण त्यांच्या बिघाडानेही ही तिसरी बातमी तुटते.

करायचं असं : अनवाणी, पावलं जोडून, हात बाजूला. आधी डोळे उघडे ठेवून बघा, मग मिटून ३० सेकंद. तुमचे हात दोन्ही खांद्यांजवळ, पण टेकलेले नाहीत. बोटाच्या टोकाचा नुसता स्पर्शही तोल सावरतो, कारण ती चौथी बातमी ठरते. ‘पडतील म्हणून जरा धरलं’ म्हणणाऱ्याने टेस्ट केलीच नाही. थोडं डुलणं म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. पाऊल टाकावं लागलं किंवा पडायला झालं तर पॉझिटिव्ह.

पायाच्या अंगठ्याची जाणीव बघताना, म्हणजे डोळे मिटलेल्या पेशंटला तो वर हलला की खाली ते विचारताना, तो वर-खालून चिमटीत धरू नका. दाबावरूनच पेशंट उत्तर देतो. दोन्ही बाजूंनी धरा, दोन-तीन मिलिमीटर हलवा. उत्तरं दोनच असल्याने अंदाजही निम्मे खरे ठरतात. किमान सहा-सात वेळा, क्रम बदलून विचारा.

ट्यूनिंग फोर्क १२८ हर्ट्झचा. कानाच्या विभागातून उचललेला ५१२चा चालत नाही. ठेवायचा हाडावर, मांसावर नाही.

टेंडनवर मारतो म्हणून टेंडनमधल्या गॉल्जी या संवेदकाचं नाव घेऊ नका. काम स्पिंडलचं आहे.

जर्कला दिले जाणारे ० ते ४ आकडे म्हणजे मार्क नव्हेत. ४ म्हणजे उत्तम नाही आणि दोन्हीकडे १ म्हणजे आजार नाही; डाव्या-उजव्यातला फरक बघा. एक बाजू पूर्ण संपवून मग दुसरीकडे वळणाऱ्याला तो फरक आठवत नाही, म्हणून प्रत्येक जर्क लगोलग दोन्हीकडे.

प्लांटर, म्हणजे तळव्याचा रिफ्लेक्स, टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेने, सावकाश. झटकन ओढलंत तर गुदगुल्या होऊन पाय मागे खेचला जातो आणि लोक त्याला बेबिन्स्की (अंगठा वर उचलला जाण्याची दोषाची खूण) म्हणतात.

आणि स्टेथोस्कोपच्या कडेने भागवायची सवय सोडा, हॅमर स्वतःचा घ्या, लांब दांड्याचा, डोकं जड असलेला. घेतलात आणि मुठीत स्क्रूने बसवलेली सुई निघाली, तर ती पहिल्याच दिवशी काढून शार्प्सच्या (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात टाका. एकच सुई वॉर्डभर फिरवायची नसते.