जुन्या गाडीचे तुटलेले सेंटर कन्सोल दुरुस्त करताना या चुका टाळा

पुढच्या दोन सीटच्या मधले सेंटर कन्सोल गाडीत सर्वाधिक हाताळले जाते आणि त्याची बांधणी मात्र त्या मानाने नाजूक असते. चालक त्यावर कोपर टेकवतो, मागची वस्तू घेताना शरीराचा अर्धा भार त्यावर देतो, मुले त्यावर गुडघा ठेवून पुढे येतात, आणि हा सगळा भार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे सोसत असते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत कन्सोलला तडा जाणे किंवा आर्मरेस्टचे झाकण बिजागरीतून सुटणे अगदी स्वाभाविक आहे. खेदाची गोष्ट ही की, चांगली टिकली असती अशी अनेक कन्सोल घाईच्या दुरुस्तीत कायमची निकामी होतात. तडा दर्शनी बाजूला दिसतो म्हणून गोंदही तिथेच भरला जातो. तो कशामुळे गेला हे मागच्या बाजूला पाहिलेच जात नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ याच सवयीत आहे.

बॅटरी न काढता काम सुरू करणे

एअरबॅग असलेल्या अनेक गाड्यांमध्ये एअरबॅगचे नियंत्रण करणारा संच कन्सोलच्या खाली, गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यावर बसवलेला असतो. त्याचे कनेक्टर आणि वायरींचे आवरण बहुधा पिवळ्या रंगाचे असते. कन्सोल उचलताना या कनेक्टरला हिसका बसला किंवा संच हलला, तर एअरबॅगची यंत्रणा बिघडू शकते. इग्निशन चालू असताना कनेक्टर सुटला तर डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. म्हणून इग्निशन बंद करावे, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. काही उत्पादक ९० सेकंद सांगतात, तर काही ३ मिनिटे किंवा त्याहून अधिक. पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावू नये आणि त्या संचाच्या आसपास हातोडीचा उपयोग तर मुळीच करू नये. जुन्या गाडीच्या रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल, तर बॅटरी काढण्यापूर्वी तो हाताशी असल्याची खात्री करावी.

दुसरी खबरदारी हँडब्रेकची आहे. कन्सोल बाहेर काढताना हँडब्रेकचा दांडा वर-खाली करावा लागतो, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर लिव्हर पार्किंगमधून हलवावा लागतो. त्या काही मिनिटांत गाडीला रोखणारे काहीच उरत नाही. सपाट जागा निवडून चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कामाला हात घालू नये.

जोर लावून ओढणे

कन्सोल हलत नसेल तर कुठेतरी एक स्क्रू राहिला आहे, असे धरून चालावे. हे स्क्रू लपवलेलेच असतात: अॅशट्रेच्या खाली, खणाच्या तळातल्या रबरी किंवा कापडी चटईखाली, छोट्या गोल टोपणांच्या आत, पुढच्या टोकाला कार्पेटच्या कडेला, मागच्या प्रवाशांसाठी असलेल्या हवेच्या जाळीमागे. मी पाहिलेल्या तुटलेल्या कन्सोलपैकी कितीतरी वापरात तुटलेली नव्हती. आधीच्या कोणीतरी रेडिओ किंवा गिअरची केबल बदलताना न सापडलेल्या स्क्रूसकट ती ओढली होती. त्या खुणा मागून पाहिल्यावर लगेच ओळखू येतात, कारण तडा बरोबर त्या स्क्रूच्या भोकापासून सुरू झालेला असतो.

क्लिप सोडवताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घुसवला की कडेवर कायमचा व्रण राहतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापराव्यात आणि क्लिपच्या अगदी जवळून उचलावे. गारठ्यात हे काम करू नये. थंड झालेले जुने प्लॅस्टिक वाकत नाही, थेट तुटते. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवली तरी फरक जाणवतो. प्रत्येक कनेक्टर काढण्यापूर्वी फोटो घ्यावा, आणि स्क्रू ज्या भोकातून निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो खालच्या वायरीत घुसू शकतो.

प्लॅस्टिक न ओळखता गोंद निवडणे

कन्सोलचे भाग प्रामुख्याने एबीएस, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी, किंवा एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांच्या मिश्रणाचे असतात. मागच्या बाजूला दोन कोनी कंसांच्या मध्ये त्याची अक्षरे कोरलेली सापडतात. ती वाचणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण एबीएसवर उत्तम बसणारा गोंद पीपीवरून सालीसारखा सोलून निघतो. पीपीचा पृष्ठभागच असा असतो की बहुतेक गोंद त्यावर पसरत नाहीत आणि पकडही घेत नाहीत.

अक्षरे नसतील तर तुकडा पाण्यात टाकून पाहण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. शुद्ध पीपी पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते आणि एबीएस बुडते, हे खरे आहे. परंतु गाड्यांमध्ये वापरलेल्या पीपीमध्ये कडकपणासाठी टाल्कची भुकटी मिसळलेली असते, आणि तिचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास गेले की तेही बुडते. म्हणजे तुकडा तरंगला तर तो एबीएस नाही एवढे नक्की होते. बुडाला तर काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा न दिसणाऱ्या कडेवर अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. एबीएस तिथे चिकट होते, पीपीला काहीही होत नाही.

एबीएस असेल तर त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली घट्ट लापशी हा माझ्या मते सर्वांत विश्वासू उपाय आहे, कारण जोड वेगळ्या पदार्थाचा राहत नाही. ती एकाच वेळी जाड भरणे ही मात्र चूक आहे. अॅसिटोन उडून गेल्यावर लापशी आकसते, आत पोकळी राहते आणि पातळ भाग वाकडा होतो. पातळ थर देत, प्रत्येक थर वाळू देत, एक-दोन दिवस घ्यावेत. अॅसिटोन अत्यंत ज्वलनशील असल्याने हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करावे. पॉलिकार्बोनेट मिसळलेल्या भागावर अॅसिटोनने बारीक जाळीदार तडे पडू शकतात, म्हणून तिथे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, बरा. पीपीच्या भागाला गोंदाऐवजी त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने उष्ण जोड द्यावा, किंवा पीपीसाठीच बनवलेला गोंद त्याच्या प्रायमरसह, म्हणजे पकड येण्यासाठी आधी लावायच्या थरासह, वापरावा.

झटपट चिकटणाऱ्या गोंदावर भिस्त ठेवणे

सुपरग्लू काही सेकंदांत धरतो, म्हणून त्याचा मोह होतो. परंतु तो वाळल्यावर ठिसूळ होतो, आणि कन्सोल तर प्रत्येक खड्ड्याला थोडे वाकत असते. शिवाय त्याची वाफ काळ्या प्लॅस्टिकवर बसून जोडाभोवती पांढुरकी छटा येते, जी पुसून सहज जात नाही. तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरते त्याचे दोन-तीन थेंब ठीक आहेत. भार पेलण्याचे काम त्याला देऊ नये. हॉट ग्लूची अडचण वेगळी आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत आतले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, ऊन थेट पडते तिथले प्लॅस्टिक त्याहूनही तापते, आणि तेवढ्या उष्णतेत तो गोंद नरम पडून जोड सरकतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सीही उष्णतेत हळू वाळणाऱ्या इपॉक्सीच्या मानाने कमी टिकतो, म्हणून चोवीस तासांचा इपॉक्सी घेऊन तो खरोखर चोवीस तास दाबून ठेवावा.

कोणताही गोंद वापरला तरी जोडाची ताकद मागच्या बाजूने यायला हवी. मागचा पृष्ठभाग ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने खरवडावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-तीन सेंटीमीटर पुढे जाईल अशी फायबर ग्लासची जाळी इपॉक्सीत भिजवून बसवावी. उष्ण स्टेपलरने, म्हणजे तापवलेली तार प्लॅस्टिकमध्ये रुतवणाऱ्या अवजाराने, तारा बसवायच्या असतील तर त्या प्लॅस्टिकच्या निम्म्या जाडीपर्यंतच जाऊ द्याव्यात. त्याहून खोल गेल्या की दर्शनी बाजूला उंचवटा येतो, आणि प्लॅस्टिकमधून धूर निघू लागला तर ते जळून कमकुवत होत आहे असे समजून थांबावे. तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचे भोक पाडल्यास तो पुढे सरकत नाही, मात्र हे भोक आरपार असल्याने दर्शनी भागात टाळावे आणि तिथे जाळीच टोकाच्या पुढपर्यंत न्यावी. हे सगळे करण्याआधी तुकडे कोरडेच जुळवून, मास्किंग टेपने बांधून, कन्सोल एकदा गाडीत बसवून पाहावे. दोन मिलिमीटर वाकडा जुळलेला जोड गोंद वाळल्यावर सरळ करता येत नाही.

आर्मरेस्टची बिजागरी केवळ चिकटवणे

कन्सोलचा सर्वांत जास्त तुटणारा भाग हाच आहे. झाकण उघडे असताना त्यावर हात पडला की झाकणाची पूर्ण लांबी तरफेसारखी काम करते, आणि तो सारा जोर बिजागरीच्या दोन बारीक कानांवर येतो. इतक्या लहान जागेवरचा गोंदाचा जोड, तो कितीही चांगला असो, हा जोर सहन करू शकत नाही. त्याच ठिकाणी तीन-तीन वेळा चिकटवून शेवटी चिकटवायला प्लॅस्टिकच न उरलेली झाकणे पाहिली की वाईट वाटते, कारण पहिल्याच वेळी धातूची पट्टी लावली असती तर ती वाचली असती.

उपाय म्हणजे जोर मोठ्या जागेवर वाटून देणे. एक-दीड मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची किंवा स्टीलची पट्टी आतून बसवावी, ती लहान मशीन स्क्रू आणि रुंद वॉशरने आवळावी, आणि कान पूर्ण गेले असतील तर झाकणाच्या रुंदीभर जाणारी लांब बिजागरी लावावी. भोके पाडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: झाकण पूर्ण उघडल्यावर ते कशाला टेकते, आणि बंद झाल्यावर खटका जागेवर येतो का. झाकणाला मुळात असलेला थांबा तुटला असेल आणि तो तसाच राहिला, तर नवी बिजागरीही तुटणार.

स्क्रूचे पोकळ खांब आणि चुकीची रसायने

कन्सोलच्या आत स्क्रू ज्यात बसतो तो पोकळ खांब फाटलेला असेल, तर जाड स्क्रू घालून काम भागवू नये. त्याने फाट वाढतेच. खांबाभोवती घट्ट बसणारी धातूची किंवा प्लॅस्टिकची नळी इपॉक्सीने बसवावी. स्क्रू पुन्हा लावताना आधी तो उलट फिरवावा, जुन्या आट्यात टक्कन बसल्याचे हाताला जाणवले की मगच सुलट फिरवावा, आणि ड्रिल मशीनऐवजी हातानेच आवळावा.

स्क्रू सैल होतो म्हणून त्याला धातूसाठी असलेले थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आट्यात पक्का धरणारे द्रव, लावणे ही कमी लोकांना माहीत असलेली, पण गंभीर चूक आहे. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला ते रसायन मानवत नाही, आणि ताणाखाली असलेला खांब काही दिवसांत आपोआप चिरतो. करकर थांबवण्यासाठी फवारलेली पेट्रोलियमची तेलेही एबीएसवर असाच परिणाम करू शकतात.

रंगाची घाई

दर्शनी बाजूला पॉलिश पेपर लागला की मूळ दाणेदार पोत जातो आणि तो परत आणणे फार अवघड असते, म्हणून तड्याच्या बाहेर घासू नये. पत्र्यासाठीची कडक लांबी (पुट्टी) लवचीक प्लॅस्टिकवर तडकते. डॅशबोर्ड चमकवणाऱ्या द्रव्यातले सिलिकॉन राहिले तर रंगाला खळगे पडतात, आणि पीपीवर चिकटण्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. पृष्ठभाग चिकट झाला असेल तर ती बहुधा मऊ थराची झीज असते. त्यावर रंग न देता तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आधी कोपऱ्यात तपासून, काढून टाकावा. थिनर वापरू नये.

परत बसवताना

वायरी कन्सोलखाली दबत नाहीत ना हे टॉर्च लावून पाहावे. प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासते त्या कडांवर आधीच फेल्टची टेप लावावी; नंतर करकर कुठून येते हे शोधण्यात संपूर्ण दुपार जाते. सर्व स्क्रू आधी सैल बसवावेत, कन्सोल हलवून भोके जुळवावीत आणि मग एक-एक करून आवळावेत. एखादे भोक ओढूनच जुळत असेल तर तो ताण कायम राहील आणि तडा पुन्हा तिथूनच सुरू होईल, म्हणून ते भोक थोडे लांबट करावे. बॅटरी जोडण्याआधी सगळे कनेक्टर फोटोशी ताडून पाहावेत. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझला नाही, तर गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये.