प्लॉट घेताना डीपी वाचण्यात होणाऱ्या चुका

पुण्याच्या आसपास जमीन बघायला निघालात की एजंट हमखास म्हणतो, "डीपीत आहे ना, मग काळजी कशाला?" खरं तर काळजी तिथूनच सुरू करावी. डीपी म्हणजे विकास आराखडा, पुढच्या वीसेक वर्षांत जागेचं काय व्हावं याचा सरकारी इरादा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. तोवर निम्मी मुदत संपली होती आणि शहर काही मंजुरीची वाट बघत थांबलं नव्हतं.

नकाशातला रस्ता खरा धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एचसीएमटीआर हा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात आहे, अजून कागदावरच. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचं ठरलं, जागा ताब्यात येईना, म्हणून रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. दोन्ही पालिकेचे मोठे प्रकल्प. मग ब्रोशरमधल्या '२४ मीटर डीपी रोड'ची काय कथा! मधल्या एका गटाचा मालक अडून बसला, तर तुमचा रस्ता त्याच्या बांधावर संपतो. बांधकामाला किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) मिळणार हेही रस्त्याच्या रुंदीशी जोडलेलं असतं. त्यामुळे "रस्ता मंजूर आहे का?" एवढ्यावर थांबू नका. त्यातली किती जागा पालिकेच्या ताब्यात आली आहे, ते भूसंपादन विभागात लेखी विचारा.

सातबाऱ्यावर समाधान मानणं

सातबारा मालकी आणि पीक सांगतो, झोन (म्हणजे आराखड्यात ती जागा निवासी, शेती की आणखी कशासाठी दाखवली आहे) नाही. त्यासाठी झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातला तुमच्या जागेचा भाग) घ्या, आणि नकाशावर 'प्रारूप', म्हणजे मसुदा, लिहिलंय की 'मंजूर' ते आधी बघा. प्रारूपातला पिवळा (निवासी) पट्टा अंतिम नकाशात हिरवा (शेती) होऊ शकतो.

गाव पालिकेत आलं म्हणजे पालिकेचा आराखडा लगेच लागू होतो, हाही गैरसमज. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर बाहेरही पडली. अशा गावात सध्या कोणती योजना लागू आहे आणि परवानगी कोण देतं, याचं उत्तर लेखीच घ्या.

'दहा वर्षं झाली, आरक्षण उठलं'

आराखड्यात शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेवरचं आरक्षण आपोआप उठत नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांनंतर मालकाने नोटीस द्यावी लागते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तरच आरक्षण संपतं. विकणारा 'उठलंय' म्हणाला, तर नोटिशीची पोच दाखवायला सांगा.

टेकडी आणि नदी

१९९७ साली हद्दीत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण आहे, तरी तिथे गुंठ्या-गुंठ्याने विक्री होत आली. नदीकाठचं उदाहरण याहून जळजळीत. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला होता. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द. ती जलसंपदा विभाग ठरवतो, त्यामुळे त्यांचा नकाशा वेगळा मागवा. वीजमीटर, मिळकतकराची पावती, शेजारची चार घरं, यांपैकी काहीही बांधकाम परवानगी नव्हे.

जमीन आधीच घेतली असेल तर

झोन दाखला आजच काढा. घर गुंठेवारीत (परवानगीशिवाय गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर) असेल, तर ते नियमित करण्यासाठी गुंठेवारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ३१ डिसेंबर २०२० ही कट-ऑफ तारीख आहे. बांधकाम त्याआधीचं असल्याचे कागद गोळा करा. तुमच्या भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला असेल, तर जाहीर नोटिशीतल्या मुदतीत हरकत नोंदवा. नुसता "आमच्यावर अन्याय झाला" असा अर्ज सुनावणीत टिकत नाही. भाग नकाशावर आपला गट नंबर रंगवून जोडा, काय बदल हवा ते एका ओळीत लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.